सोल्डर काढायचं साधन कोणतं घ्यावं आणि कसं वापरावं: खाऱ्या हवेतल्या दुरुस्तीसाठी

कोकण किनाऱ्यावर घरातली इलेक्ट्रॉनिक्स बिघडते ती साधारण ठरलेल्या जागी. पंख्याचा रेग्युलेटर, सेट-टॉप बॉक्सची पॉवर सप्लाय, इन्व्हर्टरचं कार्ड, विहिरीवरच्या पंपाचा ऑटो-स्टार्टर, होडीवरचा फिश फाइंडर. बिघाडही ओळखीचेच: फुगलेला कपॅसिटर, हिरवा चढलेला सांधा, मृगाआधीच्या विजांत गेलेला एमओव्ही (विजेचा झटका स्वतःवर घेणारा भाग). नवा भाग दहा-वीस रुपयांत येतो. गाडी अडते ती सोल्डर (भागाचे पाय बोर्डाला जोडणारा वितळणारा धातू) काढून जुना भाग बोर्डावरून सुटा करताना, आणि नवख्या माणसाच्या हातून बोर्ड कायमचा जातो तोही तिथेच.

हा लेख त्या कामापुरता आहे. कोणतं साधन घ्यायचं, कोणतं नाही, आणि हातात आल्यावर ते कसं चालवायचं.

आधी आयर्नकडे बघा

सकर, म्हणजे वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा हातपंप, ओढत नाही अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा सकर ठीक असतो आणि सोल्डर वितळवणारा आयर्न कमी पडत असतो. सोल्डर पूर्ण वितळलेलं नसेल तर जगातला कुठलाही पंप ते ओढणार नाही.

साधा २५ वॅटचा आयर्न २३० व्होल्टला २५ वॅट देतो. गावाच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलेल्या घरात संध्याकाळी पंप आणि फ्रिज चालू असताना व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे तोच आयर्न तेव्हा जेमतेम १५ वॅटचा उरतो. सकाळी सहज निघणारा सांधा रात्री हटून बसतो याचं कारण बरेचदा एवढंच असतं. काम सुरू करण्याआधी मल्टिमीटरने सॉकेटचं व्होल्टेज बघायची सवय लावा.

परवडत असेल तर ६० वॅटचं, तापमान ठरवता येणारं स्टेशन घ्या. ९३६ नावाने ओळखली जाणारी स्टेशनं आणि त्यांच्या बिट, म्हणजे आयर्नची तापणारी टोकं, सगळीकडे मिळतात. तीन पिनचा प्लग आणि खरं अर्थिंग हवं. त्याच्यासोबत येणारी सुईसारखी टोकदार बिट बाजूला ठेवा आणि २.४ मिलिमीटरची छिन्नीच्या आकाराची बिट लावा. टोकदार बिट पॅडला, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या चकतीला, एका ठिपक्यावर टेकते आणि उष्णता जातच नाही. छिन्नीची सपाट बाजू पॅड आणि पाय दोन्हींना एकदम भिडते. नवखे लोक बारीक काम म्हणून बारीक बिट घेतात आणि मग तापमान ४५० वर नेतात. पॅड जळायचा तो रस्ता आहे.

सोल्डर कोणतं आहे ते ओळखा

जुन्या उपकरणांत ६०/४० किंवा ६३/३७ प्रमाणाचं कथील-शिसं असतं. ६३/३७ नेमकं १८३ अंशांना वितळतं, ६०/४० त्याच्या थोडं वर. युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंधन आलं आणि त्यानंतरच्या बहुतेक तयार मालात शिसं नसलेलं, २१७ ते २२० अंशांच्या आसपास वितळणारं सोल्डर आलं. सांधा निस्तेज आणि दाणेदार दिसत असेल, किंवा बोर्डावर ‘पीबी-फ्री’ असं छापलेलं असेल, तर तेच समजा.

बिटचं तापमान शिसंवाल्या सोल्डरला ३२० ते ३५०, बिनशिशाच्या सोल्डरला ३५० ते ३८०. वितळणबिंदू १८३ असताना ३५० कशाला, असं वाटेल. पण बिट टेकताच पॅड, पाय आणि तांब्याचा ट्रॅक उष्णता खेचून घेतात. काम तीन-चार सेकंदांत उरकायचं तर वरचा साठा लागतो.

साधनं, एकेक करून

*स्प्रिंगचा सकर.* दुकानात डीसोल्डर पंप म्हणूनही मागता येतो. दट्ट्या दाबून अडकवायचा, बटण दाबलं की स्प्रिंग तो मागे ओढते आणि टोकाशी झटका बसतो. साधारण दोनशे-तीनशे रुपयांत चांगला मिळतो. सुरुवात याच्यापासूनच करा. घेताना दुकानातच एक परीक्षा करता येते: दट्ट्या भरा, टोकाच्या भोकावर बोट घट्ट दाबा आणि बटण सोडा. दट्ट्या अडखळत, हळू वर आला तर आतली रिंग धड आहे. बोट लावूनही फटकन वर आला तर हवा गळते आहे; दुसरा मागा. टोक टेफ्लॉनचं, पांढरं आणि बदलता येणारं असावं. जाडजूड लांब सकरचा झटका जोरदार असतो, पण तो हातात उसळतो आणि टोक पॅडवर आपटतं. नवख्याने मध्यम आकाराचा घ्यावा.

सकरच्या टोकावर सेंटीमीटरभर मऊ सिलिकॉनची नळी चढवली तर तो दुप्पट कामाचा होतो. कडक टोक आणि बोर्ड यांच्यामध्ये फट राहते आणि झटका हवेतच वाया जातो. सिलिकॉन बोर्डाला चिकटून बसतं, उष्णता सोसतं आणि बिटला टेकलं तरी लगेच वितळत नाही. जपानी ‘इंजिनिअर’ कंपनीचा एसएस-०२ हा सकर अशीच नळी लावून येतो. पैसे असतील तर तो घ्यावा, नसतील तर नळीचा तुकडा पुरतो.

*विक.* तांब्याच्या बारीक तारांची चपटी वेणी, फ्लक्स (ऑक्साइड काढून सोल्डर नीट धरू देणारा पदार्थ) लावलेली. तापवली की वितळलेलं सोल्डर शोषून घेते. २ ते २.५ मिलिमीटर रुंदीची एक गुंडाळी बहुतेक कामांना पुरते. सकर भोकातलं सोल्डर काढतो, विक पृष्ठभागावरचं, त्यामुळे दोन्ही लागतात.

*रबरी फुगा आणि फुगा लावलेला आयर्न.* ओढ कमी, फुग्यात गरम सोल्डर, आणि फुगा काही काळाने तडकतो. पैसे घालू नका.

*पोकळ सुया.* स्टीलच्या नळ्यांचा संच. स्टीलला सोल्डर धरत नाही, म्हणून पायाभोवती सोल्डर वितळलेलं असताना नळी पायावर सरकवून फिरवत ठेवली की गार झाल्यावर पाय पॅडपासून सुटा राहतो. स्वस्त आहेत. जाड पायांच्या ट्रान्सफॉर्मर आणि रिलेसाठी ठेवाव्यात.

*इलेक्ट्रिक गन.* गरम पोकळ टोक आणि मोटरचा पंप एकत्र. टोक पायावर बसवा, सोल्डर वितळू द्या, पाय गोल हलवा, ट्रिगर दाबा. हाक्कोची एफआर-३०१ ही या वर्गातली नावाजलेली, महागही तशीच. झेडडी-९१५ सारखी स्टेशनं तिच्या निम्म्याहून कमीत येतात. महिन्याला दोन-चार बोर्ड करणाऱ्याला याची गरज नाही. दुकान टाकायचं असेल, रोज चाळीस पायांचे आयसी आणि कनेक्टर काढायचे असतील, तर घ्या. फिल्टर, साफ करायची सुई आणि जास्तीची टोकं त्याच वेळी मागवा. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून नंतर एक टोक मागवायचं म्हणजे टोकाच्या किमतीइतकाच कुरिअरचा खर्च.

पहिल्या खरेदीत एवढं घ्या: स्टेशन, सकर, विक, ०.८ मिलिमीटरचं ६०/४० सोल्डर, फ्लक्स, ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), चिमटा आणि साधा चष्मा. सकरमधून सोल्डरचे कण उलटे उडतात, म्हणून चष्मा.

फ्लक्सची निवड

रोझिनचा फ्लक्स घ्या, जेल असो वा पातळ. हार्डवेअरच्या दुकानात डबीत मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये झिंक क्लोराइड असतं. ती पत्रा आणि पाइप जोडायला असते. बोर्डावर ती राहिली तर ओल धरते आणि तांबं खाते. कोरड्या गावात ती वर्षभर गप्प बसेल, मालवण-वेंगुर्ल्यात पहिल्या पावसाळ्यातच हिरवं फुटेल. डबीवर घटक लिहिलेले नसतील तर ती घेऊ नका. रोझिनचा खडा मिळाला तर एक भाग रोझिन तीन-चार भाग आयपीएत विरघळवून घरी चांगला फ्लक्स होतो. वजनाने मोजा आणि बाटलीचं झाकण घट्ट ठेवा: आयपीए हवेतली ओल ओढते आणि पेटतेही, म्हणून ती तापलेल्या आयर्नजवळ नको.

खारट बोर्ड आधी धुवा

ही पायरी घाटावरच्या मार्गदर्शकांत सापडणार नाही. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ बोर्डावर बसतं. मिठाचा गुण असा की हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते ओल ओढून स्वतःच पाणी होतं. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणून उन्हाळ्यात चालणारा बोर्ड आषाढात वेड्यासारखा वागतो, आणि म्हणूनच त्याचे सांधे हिरवे-पांढरे होतात. त्या थरावर आयर्न कितीही दाबला तरी सोल्डर वितळल्यासारखं दिसत नाही.

असे बोर्ड नुसत्या आयपीएने पुसतात ती चूक आहे. मीठ आयपीएत जवळजवळ विरघळत नाही. ते फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतं. आधी डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी. मऊ टूथब्रशने दोन्ही बाजू घासा, पाणी बदलून पुन्हा घासा. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी चालणार नाही, ते स्वतःच मचूळ असतं. मग आयपीए ओता, ती पाण्याला ढकलून देते. रिले, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, उघडे प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे रेझिस्टर) आणि डिस्प्ले यांत पाणी जाऊ देऊ नका.

त्यानंतर बोर्ड वाळवा. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्याऐवजी पत्र्याचा डबा घ्या, आत ६० वॅटचा तारेचा बल्ब पेटवा आणि बोर्ड जाळीवर वर ठेवा. आतलं तापमान ६० ते ७० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, तीन-चार तास राहू द्या. ओला बोर्ड ३५० अंशांवर तापवला तर आतली वाफ थर फोडते आणि पॅड वर येतात. तपकिरी रंगाचे स्वस्त फेनॉलिक बोर्ड तर ओल जास्तच धरतात.

हिरवा थर राहिलाच तर पात्याच्या पाठीने सांध्यावर हलकेच खरवडा, चकाकी दिसेपर्यंत. मग फ्लक्स.

पहिलं काम: फुगलेला कपॅसिटर

समजा सेट-टॉप बॉक्सच्या सप्लायमधला १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर फुगला आहे. सराव मात्र आधी भंगारातल्या बोर्डावर करा. जुन्या सीएफएलचा बोर्ड चालेल, पण काचेची नळी फोडू नका, तिच्यात पारा असतो.

१. प्लग काढा. सप्लायच्या मुख्य विजेच्या बाजूला एक मोठा, ४०० किंवा ४५० व्होल्टचा कपॅसिटर असतो. २३० व्होल्टची वीज सरळ केली की त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट बसतात, आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. २.२ किलोओम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारांनी त्याच्या दोन पायांना पाच सेकंद लावा, मग मीटरने मोजा. पाच व्होल्टच्या खाली आलं तरच हात लावा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची पद्धत सगळे करतात. तिच्यात ट्रॅक उडतो आणि डोळ्यात धातू जातो.

२. फोनवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचा. कपॅसिटरवरचा पट्टा ऋण पायाचा. बोर्डावर काही कंपन्या धन खूण करतात, काही ऋण, म्हणून छपाईवर भरवसा नको; जुन्याचा पट्टा कुठे होता ते बघा.

३. बोर्ड उभा किंवा उलटा घट्ट धरून ठेवा. हलणाऱ्या बोर्डावर दोन हातांचं काम होत नाही.

४. सकर भरून उजव्या हातात, आयर्न डाव्या. डावखुऱ्यांनी उलट.

५. सांध्यावर फ्लक्सचा थेंब टाका. बिटची सपाट बाजू पॅड आणि पाय दोन्हींना टेकवा आणि लगेच नवं ६०/४० सोल्डर तीन-चार मिलिमीटर वितळवून त्यात घाला.

ही पायरी नवख्यांना उलटी वाटते: काढायचंय आणि घालतोय? पण जुन्या सांध्यातलं सोल्डर थोडं आणि ऑक्साइड चढलेलं असतं, बिटशी त्याचा नीट स्पर्श होत नाही. ताज्या सोल्डरचा थेंब उष्णता सगळीकडे पोचवतो, त्यातला फ्लक्स ऑक्साइड खातो, आणि बिनशिशाच्या सोल्डरमध्ये मिसळून त्याचा वितळणबिंदू खाली आणतो. सोल्डर निघत नसेल तेव्हा तापमान वाढवण्याआधी आणखी सोल्डर घाला. या लेखातलं एकच वाक्य लक्षात राहायचं असेल तर हे राहू द्या.

६. सगळा सांधा चकचकीत, ओला झाला की मनात ‘एक’ म्हणा. दोन बाजूंचा बोर्ड असेल तर ‘एक, दोन’, कारण भोकाच्या आतलं आणि वरच्या बाजूचंही वितळायला हवं. मग सकरचं टोक पायावर ४५ अंशांत टेकवा, बिट न काढता, आणि बटण दाबा. बिट आधी उचलली तर सोल्डर अर्ध्या सेकंदात गोठतं. ही नवख्यांची सर्वात सामान्य चूक. बिट टेकवल्यापासून बटणापर्यंत एकूण चार सेकंदांच्या आत.

७. गार होऊ द्या. चिमट्याने पाय बाजूला ढकला. ‘टक्’ असा बारीक आवाज येऊन पाय मोकळा हलला की सुटला. तसाच घट्ट असेल तर त्याच रिकाम्या सांध्यावर पुन्हा-पुन्हा सकर मारू नका. उरलेलं सोल्डर इतकं कमी असतं की ते तापतच नाही, तापतो तो पॅड. पुन्हा सोल्डर भरा, पहिल्यापासून करा. तिसऱ्या खेपेपर्यंत सुटला नाही तर दहा मिनिटं थांबा.

८. दोन्ही पाय मोकळे झाल्यावर कपॅसिटर आपसूक निघतो. ओढावा लागत असेल तर एखादा पाय धरलेला आहे. ओढलात तर भोकाच्या आतलं तांब्याचं अस्तर पायाबरोबर बाहेर येतं.

खरं सांगायचं तर दोन पायांच्या भागाला सकर लागतोच असं नाही. दोन्ही सांध्यांवर भरपूर सोल्डर घाला, एक पाय तापवून कपॅसिटर त्या बाजूने किंचित उचला, मग दुसरा, असं आलटून-पालटून तो चालत बाहेर येतो. सकर मग भोक मोकळं करायला.

भोक बुजलेलंच राहिलं तर सोल्डर वितळवून दातकोरणीचं लाकडी टोक आत घाला, गार झाल्यावर काढा. ड्रिल कधीच नको, अस्तर जातं.

नवा कपॅसिटर १०५ अंशांचा, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) घ्या. व्होल्टेज तेवढंच किंवा एक पायरी वरचं, आणि उंची झाकणात मावेल एवढी.

आयसी काढताना आधी एक निर्णय

भाग वाचवायचा की बोर्ड? दोन्ही वाचवायच्या नादात दोन्ही जातात. आयसी मेलेला असेल तर बारीक कटरने त्याचे सगळे पाय अंगापासून कापा, शरीर बाजूला काढा, मग एकेक पाय तापवून चिमट्याने उचला. सोळा पायांचं काम दहा मिनिटांत होतं आणि पॅडला काही होत नाही. नवा आयसी थेट लावू नका, सॉकेट लावा; मात्र होडीवरच्या किंवा थरथरणाऱ्या उपकरणात सॉकेट नको, खाऱ्या हवेत त्याचे स्पर्श सैल आणि काळे पडतात.

आयसी वाचवायचाच असेल तर एकापाठोपाठचे पाय घेऊ नका. पहिला, मग नववा, मग चौथा, अशी उष्णता विखरून द्या.

जमिनीच्या रेषेला, म्हणजे ग्राउंडला जोडलेला पाय नेहमी हट्टी असतो, कारण त्याच्यामागे तांब्याचा अख्खा पत्रा उष्णता पसरवत असतो. तिथे मोठी बिट लावा आणि हॉट एअर गनने मागून बोर्ड १०० अंशांच्या आसपास गरम करून घ्या. तापमान वाढवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं.

विक वापरताना

विक सांध्यावर ठेवा, वर बिट सपाट दाबा, दोन-तीन सेकंदांत सोल्डर वेणीत चढताना रंग बदलतो: तांबूस वेणी चंदेरी होते. चंदेरी झालेला तुकडा कापून टाका, तो आणखी शोषत नाही आणि उष्णता मात्र खातो. विक आणि बिट एकदमच उचला. बिट आधी उचलली तर विक पॅडला चिकटते, आणि ती ओढली की पॅड सोबत येतं. चिकटलीच तर ओढू नका, पुन्हा तापवा. विक बोर्डावर घासत नेणं टाळा.

कोकणात विकची खरी शत्रू हवा. उघडी ठेवलेली गुंडाळी पावसाळ्यात काळपट तपकिरी होते आणि सोल्डर घेत नाही. झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. काळी पडलेलीला फ्लक्स चोपडून बघा, बरेचदा ती परत कामाला येते.

पृष्ठभागावरचे छोटे भाग

भोकाविना बसणारे भाग, म्हणजे एसएमडी, सकरने काढू नका. दोन टोकांचा रेझिस्टर असेल तर दोन्ही टोकांना पुरेल एवढा सोल्डरचा मोठा थेंब करून एकाच बिटने बाजूला सरकवा. आठ पायांच्या आयसीला हॉट एअर लागतं: ८५८डी जातीचं स्टेशन, ३२० ते ३५० अंश, हवा मध्यम, नोझल गोल फिरवत, आणि शेजारच्या प्लॅस्टिक कनेक्टरवर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप. चिमट्याने किंचित हलवून बघा. सोल्डर वितळलं की भाग स्वतःच घसरतो. जोर लावून उचलायचा नाही.

बिस्मथ असलेलं कमी तापमानाचं सोल्डर हाही चांगला मार्ग आहे. कथील-बिस्मथ १३८ अंशांना वितळतं, सगळ्या पायांवर ते भरलं की आयसी सावकाश सुटतो. पण नंतर विकने शेवटच्या कणापर्यंत साफ करा. बिस्मथ, शिसं आणि कथील एकत्र राहिलं तर साधारण ९६ अंशांना वितळणारं मिश्रण होऊ शकतं, आणि गरम होणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये तो सांधा धोक्याचा.

पॅड उचकटलंच तर

घाबरायचं कारण नाही, पण सुपरग्लूने चिकटवू नका; सोल्डर करताना ते सुटतं. ट्रॅक कुठे जातो ते बघा, त्याच्यावरचा हिरवा लेप पात्याने दोन-तीन मिलिमीटर खरवडा, फ्लक्स लावून सोल्डर चढवा आणि भागाचा पाय तिथपर्यंत वाकवून जोडा. पाय आखूड असेल तर बारीक तार. मुख्य विजेच्या बाजूला तार इन्सुलेटेड आणि शेजारच्या ट्रॅकपासून लांब ठेवा. वर एपॉक्सीचा थेंब, म्हणजे हलणार नाही.

साधनांची निगा

सकर दर दहा-पंधरा झटक्यांनी कागदावर दट्ट्या दाबून रिकामा करा. दर आठवड्याला उघडा, आतली पूड ओल्या कापडाने पुसा (फुंकू नका, तिच्यात शिसं आहे), रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा ठिपका लावा. काम संपल्यावर दट्ट्या सुटा ठेवा. भरून ठेवला तर स्प्रिंग थकते. स्प्रिंगला किनाऱ्यावर गंज चढतोच, त्यामुळे सकरही झिपच्या पिशवीत.

गनचं टोक गरम असतानाच सुईने साफ करा आणि बंद करण्याआधी त्याला सोल्डर चढवून ठेवा. नळी बुजली की बहुतेक जण पंप खराब झाला असं समजतात. आधी फिल्टर बघा.

सोल्डरचा धूर हा मुख्यतः रोझिनचा असतो. तो दमा वाढवतो, म्हणून छोटा पंखा धूर बाजूला ओढेल असा लावा. शिसं पोटात जातं ते हातांवाटे, तेव्हा काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहा नाही. सकरमधली पूड झाकणाच्या डब्यात साठवा आणि ई-कचऱ्यात द्या. ती वितळवून जाळ्याला शिशाच्या गोळ्या ओतायची कल्पना कुणाला तरी सुचतेच; घरच्या चुलीवर ते करू नका.

वीज देण्याआधी

सांध्यांवरचा फ्लक्स आयपीए आणि ब्रशने धुवा. शेजारच्या दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल झालेला नाही ना, ते भिंगातून बघा. मीटरने सप्लायच्या आउटपुटवर शॉर्ट तपासा.

मग उपकरण थेट प्लगला न लावता सिरीज बोर्डावर लावा: ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब फेजच्या तारेत सिरीजमध्ये. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला किंवा विझला तर ठीक. पूर्ण प्रकाशाने जळत राहिला तर शॉर्ट आहे, लगेच बंद करा आणि नवा भाग उलटा तर बसला नाही ना ते आधी बघा. सगळं ठीक असेल तर आउटपुट व्होल्टेज मोजा, अर्धा तास चालू ठेवा, प्लग काढा, मोठा कपॅसिटर पुन्हा रिकामा करा आणि मगच ॲक्रिलिक पीसीबी व्हार्निशचा पातळ हात दोन्ही बाजूंना द्या. कनेक्टर, प्रीसेट आणि स्विच टेपने झाका. व्हार्निश वाळायला पावसाळी हवेत रात्र जाते, आणि ते ओल्या बोर्डावर मारलं तर ओल आतच कोंडते. तेव्हा बोर्ड आधी पुन्हा बल्बच्या डब्यात.